मेथीच्या काड्या

आमच्या घरी भाजी सकाळी निवडली जायची. ती निवडताना आईच्या दोन बाजूंना दोन ढीग व्हायचे, एक आमचा आणि एक शाळेचा. मेथीची पानं आमची, काड्या शाळेच्या. कोबीची वरची जाड पानं, गाजराचे शेंडे, काकडीची सालं, कोथिंबिरीचे देठ हेही सगळं शाळेच्या ढिगात. हा ढीग ती मांजरपाटाच्या एका जुन्या पिशवीत भरून दारामागच्या खिळ्याला अडकवून ठेवायची आणि बाबा निघाले की पिशवी सायकलच्या हँडलला लागायची. बाबा देऊळगाव राजाला एका शाळेत विज्ञान शिकवत. शाळेच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत गिनीपिग होते. आधीच्या कुणा सरांनी मुलांना दाखवायला एक जोडी आणली होती. ते सर बदलून गेले, जोडीची पिलावळ वाढत गेली आणि खोलीची किल्ली बाबांच्या खिशात आली. गल्लीत त्यांना सगळे 'मास्तरचे विलायती उंदीर' म्हणत. माझी धाकटी बहीण शालू त्यांना गिनी म्हणायची, जणू प्रत्येकाचं तेच नाव होतं.

सुटीच्या दिवशी बाबा आम्हा दोघींना सायकलवर बसवून तिकडे नेत. खोलीचं कुलूप उघडताना आत अगदी शांत असायचं. बाबांनी पिशवीत हात घातला आणि आतला पाला सळसळला की सगळे एकदम शिट्या मारायला लागायचे. वीक, वीक, वीक. एवढंसं जनावर, आणि आवाज बाहेरच्या मैदानापर्यंत जायचा. शालू कानांवर हात ठेवून हसायची. घरी येऊन ती आईपुढे तशीच शिट्टी मारायची, मग आई तिच्या तोंडात भाकरीचा तुकडा घालायची. चुलीवरून उतरलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, डाळ घालून केलेली मेथीची पातळ भाजी, वरून लसणाची फोडणी. त्या भाजीची चव मी पुढे स्वतःच्या हाताने पुष्कळदा गाठायचा प्रयत्न केला. ती जवळपास येते आणि थांबते.

आई उन्हाळ्याच्या तोंडाला काविळीने गेली. जालन्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा ती चालत बसमध्ये चढली होती. यापलीकडे मला त्याबद्दल लिहायचं नाही. घरात तिने आदल्याच आठवड्यात घातलेले ज्वारीचे पापडासारखे धापोडे होते. काही अजून पुरते वाळायचे होते, ते रुखमाबाईंनी उचलून आपल्या धाब्याच्या छतावर नेऊन वाळवले आणि डब्यात भरून परत आणून दिले. रुखमाबाई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. तो डबा आम्ही पुष्कळ दिवस उघडला नाही.

आईच्या पुण्यानुमोदनाला सगळे नातेवाईक जमले. भन्तेजी आले, वंदना झाली, जेवणं झाली. आमच्याकडे अशा दिवशी पंगत उठली की चहा होतो, आणि त्या चहावर मागे राहिलेल्यांचं काय करायचं ते ठरतं. मी आतल्या खोलीत भांडी विसळत होते. मला सगळं ऐकू येत होतं.

"लहानीले माह्यासंग शेगावले येऊ द्या," आत्या म्हणाली. ती बाबांची थोरली बहीण, तिला मूलबाळ नव्हतं. "तिचं वय लहान हाय, लवकर रुळन. मोठी कामाले हुशार हाय, ते बीबीले मामीच्या हाताखाली राहील."

"मोठीला मी नेतो भाऊजी," मामा म्हणाला. त्याची बीबी या गावी थोडी शेती होती आणि घरात चार पोरं. "शाळेत नाव घालीन, पोटच्या पोरीवाणी ठेवीन. पण दोघींचं मला झेपायचं नाही, खरं ते सांगतो."

बाबांनी बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "परीक्षा होऊ द्या. निकाल लागला की न्या."

म्हणजे निकाल लागेपर्यंत आम्ही दोघी एकत्र होतो. मी हे शालूला सांगितलं नाही. तिने ते कुठून ऐकलं हे मला कधीच कळलं नाही, पण त्या संध्याकाळपासून ती झोपताना माझ्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून झोपायला लागली.

पाहुणे गेल्यावर घर इतकं शांत झालं की माठातलं पाणी पाझरून खालच्या ताटलीत पडायचं तेही ऐकू यायचं. बाबांनी रजा टाकली होती. ते आईच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. आमच्याशी बोलत नव्हते असं नाही, पण 'जेवा' आणि 'झोपा' यापलीकडे काही नसायचं. स्वयंपाक मी करायचे. भाजी निवडताना सवयीने माझेही दोन ढीग व्हायचे, दुसरा मी पिशवीत भरून खिळ्याला लावायचे. आईने केलं ते करत राहायचं, एवढंच तेव्हा मला कळत होतं. एक दिवस शालू दारामागे गेली आणि नाक धरून बाहेर आली.

"ताई, पिशवी सडून राह्यली. गिनीचं खाणं कोणी नेऊन राह्यलं मग?"

 मग आम्ही दोघी खाटेजवळ गेलो. मी म्हटलं, "बाबा, किल्ली द्या."

"कशाची?"

"गिनीच्या खोलीची."

बाबा उठून बसले. त्यांनी खिसा चाचपला आणि चप्पल न घालता तसेच बाहेर पडले. दुपारचं ऊन होतं. आम्ही मागून धावलो. शाळेच्या शिपायाला वाटलं होतं, घरी दुःख असलं तरी सर येऊन खाऊ घालून जात असतील, किल्ली त्यांच्याकडेच तर आहे. आणि बाबांना काहीच वाटलं नव्हतं. ते खरोखर विसरले होते.

कुलूप उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी धग आली. वास मी सांगत नाही. पाण्याची मोठी भांडी आटून कोरडी झाली होती, वाळल्या गवताच्या काड्या तेवढ्या उरल्या होत्या. काही गिनी भिंतीच्या कडेला एकमेकांवर रचल्यासारखे मेलेले होते, आणि त्यांच्याच आडोशाला जिवंत बसले होते. कुणी शिट्टी मारली नाही. शालूने मुद्दाम रिकामी पिशवी हलवली तरी नाही. एकाची नखं वाढून इतकी वळली होती की पाय सरळ टेकत नव्हते. बाबा उंबऱ्यावर उभे होते, पाय भाजत असतील, पण ते हलले नाहीत.

"आई गेली म्हणून हे बी चालले का?" शालूने विचारलं.

बाबा आत शिरले. त्यांनी सदरा काढला, हौदात बुडवून आणला आणि एकेकाला उचलून त्यात ठेवायला लागले. गेलेल्यांना त्यांनी कुंपणाच्या कडुलिंबाखाली स्वतः खुरप्याने खड्डा करून पुरलं. मुख्याध्यापक आवाज ऐकून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, आता हे परत आणू नका. खोली तशीही मोडकी बाकं ठेवायला लागणारच आहे."

रुखमाबाईंनी त्यांचं कोंबड्यांचं डालगं दिलं. घरातली सगळ्यात थंड जागा म्हणजे न्हाणी. तिथे डालग्याखाली गवत अंथरून गिनी ठेवले आणि वरून ओलं गोणपाट टाकलं. गोणपाट दिवसभर ओलं ठेवायचं काम शालूचं. बाबांनी आईच्या शिवणाच्या डब्यातली लहान कात्री काढली. मी टॉवेलात गुंडाळून एकेक धरायचे आणि बाबा एकेक नख उजेडाकडे करून कापायचे, आतली लाल शीर चुकवून. कुणाकुणाचे सांधे सुजले होते. हिरवं मिळालं नाही की यांचं असं होतं, बाबा म्हणाले. त्यांना टोमॅटोच्या फोडी द्या, कोथिंबीर द्या, पाणी थेंबाथेंबाने पाजा. हे सांगताना बाबा बोलायला लागले होते, आणि आपण बोलतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. पुन्हा गप्प होतील या भीतीने मी काही ना काही विचारत राहायचे. यांना दात किती? हे पाणी कसं पितात? यांना आई ओळखू येते का? या शेवटच्या प्रश्नावर ते कात्री खाली ठेवून म्हणाले, "आवाजावरून येते."

पुढे एका सकाळी मी मेथी निवडत होते, काड्या पिशवीत टाकल्या, आणि न्हाणीतून एक बारीक शिट्टी आली. मग दुसरी. शालू झोपेतून उठून धावत आली. बाबा दाढी करत होते, अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून दारात येऊन उभे राहिले. त्या दिवशी आम्ही धापोड्यांचा डबा उघडला.

पण निकाल जवळ येत होता. आम्ही गेल्यावर बाबा एकटे, त्यात सकाळची शाळा. एवढ्या गिनींचं कोण करणार? बाबा म्हणाले, चांगली घरं बघून देऊन टाकू. गल्लीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. रुखमाबाई आल्या, चौकातले शिंपी शब्बीरचाचा आले, वरच्या आळीतल्या वकीलबाई आल्या, आणखी कुणी कुणी आलं. सगळ्यांना एकेक हवा होता. आणि आम्ही ते आईसारखं वाटलं. आईचे धापोडे झाले, शेतातून हरभरा आला, बोरं आली, की ती घरोघर वाटायची. प्रत्येक घरी एक वाटा, कमी नाही जास्त नाही, आणि एकही दार वगळायचं नाही, नाहीतर त्या घराला वाईट वाटतं. तसा प्रत्येक घरी एक गिनी गेला, सोबत कोथिंबिरीची एकेक जुडी. शालू प्रत्येक दारात सांगायची, "कांद्याची पात देऊ नका बरं. बटाट्याची सालं बी नाही." सगळ्यांची मनं राखली म्हणून आम्ही समाधानाने घरी आलो. न्हाणीत एकच उरला होता, तो वळलेल्या नखांचा, एका डोळ्याभोवती तपकिरी डाग असलेला. तो कुणीच मागितला नव्हता.

शब्बीरचाचा आधी आले. "मास्तर, ये कुछ खाताच नहीं. मशीनच्या खाली कोपऱ्यात तोंड घालून बसते."

मग भिंतीपलीकडून रुखमाबाई. "माह्याकडचं तं शिट्टीच नाही मारून राह्यलं वं पोरी. तुह्या हातचंच लागते का काय त्याले?"

वकीलबाईंकडचा मेला. आम्ही गेलो तेव्हा तो एका उशीवर होता, पुढे चिरलेलं गाजर, काकडी, भिजवलेले हरभरे, सगळं जसंच्या तसं. वकीलबाई रडत होत्या. "काय कमी केलं हो सर मी?"

परत येताना बाबा सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "त्यांनी काही कमी केलं नाही. हे कळपातलं जनावर आहे, एकट्यानं राहत नाही. दरवर्षी वर्गात शिकवतो मी हे."

दुसऱ्या दिवशी आम्ही सोयरिकी जुळवायला निघालो. सायकलच्या कॅरियरला टोमॅटोचं लाकडी खोकं बांधलं आणि दिलेल्या दारी पुन्हा गेलो. दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे काय हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. बाबांची मान खाली होती. कुणाकडचा उचलून कुणाकडे न्यायचा, नर नरासोबत ठेवला तर भांडतात, माद्या एकत्र चालतात, हे सगळं दारादारात उभं राहून समजावायचं. रुखमाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "मास्तर, माह्या पोरीचं जमवाले इतकं फिरली नाही मी. पत्रिका बी पाहून राह्यले का यायच्या?"

"मुलगा निर्व्यसनी आहे," बाबा म्हणाले. "फक्त मेथी खातो."

आई गेल्यानंतर बाबांनी केलेला तो पहिला विनोद. मी आणि शालूने एकमेकींकडे बघितलं.

शब्बीरचाचांनी आपला द्यायला साफ नकार दिला. "देणार नाही. माझ्याकडेच आणा दुसरा." म्हणून आम्ही पलीकडच्या गल्लीतली एक मादी त्यांच्याकडे नेली. मशीनखाली दोघांना सोडलं. त्यांनी एकमेकांचं नाक हुंगलं. मग चाचांचा जो बसून होता तो घशातून घुर्र घुर्र करायला लागला, जागच्या जागी डुलायला लागला, आणि थोड्या वेळाने मादीने तोंडात धरलेल्या देठाचं दुसरं टोक त्याने खायला सुरुवात केली. चाचांनी मशीनचं पायडल थांबवलं होतं. शालू जमिनीवर पालथी पडून बघत होती. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या जोड्या लागल्या, फक्त न्हाणीतल्या डागवाल्याला कुणी उरलं नाही, त्याला बाबांनी आपल्याकडेच ठेवला.

निकाल लागला. आत्या आदल्या दिवशीच आली, मामा सकाळच्या बसने. माझी लोखंडी पेटी दाराच्या एका बाजूला, शालूची कापडी पिशवी दुसऱ्या बाजूला. आईच्या साड्यांचे मीच दोन भाग केले होते. आत्या भाकरी थापत होती, मामा आणि बाबा उंबऱ्याजवळ बसले होते आणि बसच्या वेळांबद्दल बोलत होते, कारण तेवढं एकच बोलता येण्यासारखं होतं. शालू न्हाणीतून आली. गोणपाट ओलं करून आलेली, कोपरापर्यंत ओली. बाबांच्या समोर उभी राहिली.

"बाबा, आमाले बी जोडीनंच द्या ना."

आत्याचा हात परातीत थांबला. मामाने मान खाली घातली आणि जमिनीवरची एक काडी उचलून मोडली. बाहेर रुखमाबाईंच्या कोंबड्या ओरडत होत्या. बाबांनी शालूकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे डोळे नीट पाहिले असं मला वाटतं. ते उठले, न्हाणीत गेले, आणि आताच ओलं केलेल्या गोणपाटावर आणखी एक तांब्या पाणी ओतल्याचा आवाज आम्ही ऐकला. आतूनच ते म्हणाले, "आक्का, दोघींना ने."

आत्या तव्यावरची भाकर उलटवायची विसरली होती, तिचा करपल्याचा वास आला. "दोघी?" ती म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी, "एक खोली हाय माही. पण पोरी काय जागा खातेत? अन् एकीले ठेवून दुसरीले नेलं तं दोघी बी माह्याच तोंडाकडे पाहून रडतीन. दोघी तं दोघी. चाला."

मामाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो रागावला नव्हता, उलट त्याचा चेहरा सैल झाला होता. जाताना त्याने बीबीहून माझ्यासाठी आणलेलं नवं दप्तर माझ्या पेटीवर ठेवलं.

आज इतक्या वर्षांनी मी त्या दुपारकडे बघते तेव्हा एक गोष्ट मला दिसते जी तेव्हा दिसली नव्हती. दोघींना एकत्र ठेवा, असं शालू म्हणाली. तिघांना एकत्र ठेवा, असं त्या घरात कुणीच म्हणालं नाही. आत्या नाही, मी नाही, बाबाही नाहीत. एकटा पुरुष दोन मुली कशा वाढवणार, हे तेव्हा सगळ्यांना इतकं उघड वाटत होतं की ते बोलायचीही गरज नव्हती. स्टँडवर बस सुटली तेव्हा बाबा सायकल धरून उभे होते. हँडलला मांजरपाटाची पिशवी होती. त्यांना परतताना बाजारातून पाला घ्यायचा होता.

शेगावला आम्ही रुळलो. आत्याची खोली स्टेशनपासून जवळ होती, गाड्यांच्या आवाजाची सवय व्हायला दिवस लागले, आत्याच्या तिखटाची व्हायला त्याहून जास्त. एका गोधडीत आम्ही दोघी झोपायचो. काही दिवसांनी शालूने माझ्या फ्रॉकचं टोक धरायचं सोडलं. मला त्याचं थोडं वाईट वाटलं.

दिवाळीच्या सुटीत आत्या आम्हाला देऊळगाव राजाला घेऊन आली, कळवलं होतं त्याच्या एक दिवस आधीच. संध्याकाळ होती. आत्या गल्लीच्या तोंडाशी रुखमाबाईंशी बोलत थांबली आणि आम्ही दोघी धावत दारापर्यंत आलो. दार लोटलेलं होतं. शालूने कडी वाजवायला हात उचलला आणि आतून बाबांचा आवाज आला, म्हणून मी तिचा हात धरला.

"आज मेथी चांगली भेटली बे," बाबा म्हणत होते. "हे पाह्य. काड्या तुले, पाला मले. दहावीच्या जादा तासाले पोरायनं आज लई तरास दिला. एकानं तं पानाफुलाच्या जागी मोराचं चित्र काढलं. हसू नको बे. तिच्या हातची भाजी काही जमत नाही मले. डाळ आधी टाकत होती का मांगून, इचारलंच नाही कधी."

बाबा घरात आमच्याशी कधी असं बोलत नसत. आमच्याशी ते शाळेची भाषा बोलायचे. ही त्यांची लहानपणची भाषा होती, आणि ती ते फक्त आईशी बोलत. फटीतून दिसलं, डालगं न्हाणीतून उचलून त्यांनी खाटेच्या उशाशी आणलं होतं. त्यांचा हात आत होता. तो तपकिरी डागाचा गिनी त्यांच्या मनगटाला टेकून बसला होता आणि एक काडी खात होता.

शालू माझ्याकडे बघत होती. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो मी किती घट्ट धरला होता हे तिने पुढे मोठेपणी मला सांगितलं. आम्ही तशाच उभ्या राहिलो. मागून आत्याच्या चपलांचा आवाज जवळ आला तेव्हा शालूने कडी वाजवली. आत शिट्टी वाजली आणि बाबा म्हणाले, "कोण आहे?" शाळेच्या भाषेत.

बाबा त्याच घरात शेवटपर्यंत राहिले. शालू आणि मी आयुष्यात एकमेकींपासून फार लांब गेलो नाही. तिचा संसार झाला, माझी नोकरी झाली, आणि तिचे यजमान गेल्यावर ती माझ्याकडे आली ती राहिलीच. परत एका छपराखाली दोघी. या हिवाळ्यात ती गेली. तिची खाट अजून हलवलेली नाही.

मी एकटीपुरती मेथी आणते. दारात बसून निवडते. हाताला सवय आहे, दोन ढीग होतात. पानं मी कढईत टाकते, डाळ आधी टाकायची का नंतर ते मलाही नक्की माहीत नाही. काड्या पिशवीत भरते आणि पिशवी दारामागच्या खिळ्याला लावते. पाला सळसळू न देता, कारण तो सळसळला की कान अजून शिट्टीची वाट बघतात.